शुगर कंट्रोलमध्ये आल्यावर बघू

आमच्या घराण्यात कुणाचीही मेडिकल फाईल आली की ती फिरत फिरत माझ्याकडे येते. कारण काय, तर मी इंजिनिअर आहे आणि मला 'नेटवर बघता येतं'. कॉम्प्युटरची डिग्री आणि माणसाच्या रक्तवाहिन्या यांचा काय संबंध, हे समजावून सांगायचा नाद मी केव्हाच सोडून दिलाय. गेल्या वर्षी अशीच एक फाईल आली. आप्पांची. आप्पा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, वय वर्षं 66, मुक्काम कराडजवळचं गाव, आणि गेली 15 वर्षं शुगर.

तर झालं असं. एका रविवारी सकाळी पोहे खाताना आप्पांच्या उजव्या हातातला चमचा खाली पडला. उचलायला गेले तर हातच नीट उचलेना. काकूंनी काय झालं म्हणून विचारलं, तर शब्द जड यायला लागले, तोंडात सुपारी धरल्यासारखे. काकूंनी जागच्या जागी निदान केलं, "साखर उतरली!" पाण्यात दोन चमचे साखर ढवळून पाजली. दहा मिनिटांत आप्पा टकाटक. राहिलेले पोहेही संपवले. मग पाच दिवस कुणी तो विषयच काढला नाही. शुक्रवारी महिन्याच्या गोळ्या लिहून आणायला गेले तेव्हा बोलता बोलता आप्पांनी गंमत म्हणून ही गोष्ट सांगितली. डॉक्टरांना ती अजिबात गंमत वाटली नाही. त्याच संध्याकाळी आप्पा पुण्यात.

काकूंचं निदान तसं अगदीच अडाणीपणाचं नव्हतं बरं का. रक्तातली साखर खूप खाली गेली तर खरंच हातपाय लुळे पडणं, जीभ जड होणं असे स्ट्रोकसारखे प्रकार होतात. म्हणूनच अशा वेळी पहिल्या मिनिटात ग्लुकोमीटरवर शुगर बघायची असते. ग्लुकोमीटर घरात होता. कपाटात, खोक्यात, मुदत संपलेल्या पट्ट्यांसकट.

आप्पांना जे झालं त्याला टीआयए म्हणतात. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थोडा वेळ तुटतो आणि आपोआप परत येतो. लक्षणं जातात, म्हणून आपल्याला वाटतं की संकट टळलं. प्रत्यक्षात ती पुढच्या मोठ्या स्ट्रोकची सूचना असते, आणि मोठ्या स्ट्रोकचा धोका सगळ्यात जास्त त्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर एकदा आपोआप रिस्टार्ट झाला आणि आम्ही लॉग न बघता घरी गेलो.

मानेची डॉपलर झाली, सीटी अँजिओग्राफी झाली. डाव्या बाजूची इंटर्नल कॅरोटिड साधारण 80 टक्के बंद. मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅरोटिड धमनी असते. जबड्याच्या थोडं खाली तिच्या दोन फांद्या होतात, एक चेहऱ्याकडे जाते, दुसरी मेंदूकडे. बरोबर त्या फाट्यावर चरबीचा थर साचतो. त्या थराचा किंवा त्यावर जमलेल्या गुठळीचा तुकडा सुटून वर मेंदूत गेला की स्ट्रोक. डावा मेंदू उजवा हात चालवतो आणि बहुतेकांची भाषाही डावीकडेच असते. चमचा उजव्या हातातून का पडला आणि शब्द का अडखळले, ते असं जुळलं.

उपाय म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, कॅरोटिड एंडार्टरेक्टॉमी. मान उघडायची, धमनी थोडा वेळ चिमट्याने बंद करायची, तिला उभा छेद देऊन आतला थर खरवडून काढायचा आणि पुन्हा शिवायची, बऱ्याचदा ठिगळ लावून. ऐकायला भयंकर वाटतं, पण हे काही कालपरवाचं तंत्र नाही. अमेरिकेत डिबेकींनी 1953 मध्ये आणि लंडनमध्ये सेंट मेरीज हॉस्पिटलात ईस्टकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 मध्ये अशा शस्त्रक्रिया केल्या होत्या.

आणि मग आमची कौटुंबिक बैठक बसली.

आत्या म्हणाली, शुगरवाल्याची जखम भरत नाही, गळ्यावर सुरी नकोच. दादा, म्हणजे आप्पांचा मुलगा, जास्त समजूतदारपणे बोलला. रिपोर्टमध्ये एचबीएवनसी 9.4 आलं होतं. त्याचं म्हणणं, "इतक्या शुगरवर ऑपरेशन म्हणजे धोका. तीन महिने कडक पथ्य करू, औषधं वाढवू. शुगर कंट्रोलमध्ये आल्यावर बघू." सगळ्यांनी माना डोलावल्या. माझीही डोलली, हे आधीच कबूल करतो. वाक्य इतकं शहाण्यासारखं होतं की त्यात काही चूक असेल असं वाटलंच नाही.

त्या रात्री फाईल घेऊन बसलो, आणि दोन रात्रींनंतर माझं मत बनलं ते हे: ज्याला नुकताच टीआयए होऊन गेलाय आणि ज्याच्या मानेतली धमनी खूप अरुंद झाली आहे, त्याच्या बाबतीत "शुगर कंट्रोलमध्ये आल्यावर बघू" हे आपल्या घरांत बोललं जाणारं अत्यंत धोकादायक वाक्य आहे. का, ते सांगतो.

आधी दादाच्या बाजूने. डायबेटिसमुळे या ऑपरेशनचा धोका वाढतो का? वाढतो. सगळ्या अभ्यासांत सारखा दिसत नाही, काहींत फरक दिसलाच नाही, पण एकंदर झुकाव त्याच बाजूला आहे. कारणं समजण्यासारखी आहेत. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खराब होतं, प्लेटलेट्स जास्त चिकट होतात, मेंदूतल्या बारीक वाहिन्याही आजारी असतात. ऑपरेशनमध्ये एका बाजूचा पुरवठा काही वेळ थांबतो तेव्हा आजूबाजूच्या वाहिन्यांनी भार उचलायचा असतो, आणि इथे त्यांच्यातच दम कमी. शिवाय रक्त कमी पडत असताना साखर जास्त असली तर मेंदूच्या पेशी प्राणवायूशिवाय ती जाळतात, लॅक्टिक ॲसिड साचतं आणि नुकसान वाढतं. हृदयाचं वेगळंच. डायबेटिसच्या पेशंटला छातीत न दुखताही हृदयविकार असू शकतो, आणि या ऑपरेशननंतर स्ट्रोकइतकीच काळजी हार्ट अटॅकची असते.

म्हणजे दादाची भीती खरी होती. चुकलं होतं ते उत्तर.

आता दुसरी बाजू. नॅसेट नावाची एक मोठी चाचणी अमेरिका आणि कॅनडात झाली, तिचे निकाल 1991 मध्ये आले. ज्यांना टीआयए किंवा छोटा स्ट्रोक होऊन गेला होता आणि धमनी 70 ते 99 टक्के अरुंद होती, अशा लोकांपैकी नुसत्या औषधांवर ठेवलेल्या 26 टक्के लोकांना दोन वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक झाला. ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण 9 टक्के. त्या 9 टक्क्यांत ऑपरेशनच्या वेळी झालेले स्ट्रोकही धरलेले आहेत. पहिल्या 30 दिवसांत ऑपरेशन गटातल्या 5.8 टक्के लोकांना स्ट्रोक किंवा मृत्यू आला, हेही इथेच सांगतो, कारण ही काही कटिंगच्या दुकानातली दाढी नाही.

पण माझं मत बदललं ते दुसऱ्याच आकड्यांनी. 2004 मध्ये ऑक्सफर्डच्या रॉथवेल यांच्या गटाने मोठ्या चाचण्यांची माहिती एकत्र करून एकच प्रश्न विचारला: शेवटच्या झटक्यापासून किती दिवसांत माणूस चाचणीत आला, यावर ऑपरेशनचा फायदा अवलंबून आहे का? उत्तर असं आलं. दोन आठवड्यांच्या आत आलेल्या 5 जणांवर ऑपरेशन केलं की पुढच्या पाच वर्षांतला 1 स्ट्रोक टळतो. 12 आठवडे उलटून गेल्यावर आलेल्यांत तोच 1 स्ट्रोक टाळायला 125 जणांवर ऑपरेशन करावं लागतं.

12 आठवडे म्हणजे किती? तीन महिने. म्हणजे दादाचा बेत तंतोतंत. धोका आहे तो काळ पथ्य करत काढायचा, आणि फायदा जवळजवळ संपला की ऑपरेशनला उभं राहायचं. फायदा संपतो त्याचं कारणही साधं आहे. ज्यांना स्ट्रोक व्हायचा त्यातल्या बऱ्याच जणांना तो तोपर्यंत होऊन गेलेला असतो.

हे आकडे जुन्या काळातल्या औषधांचे आहेत. आज स्टॅटिन्स आणि रक्त पातळ करणारी औषधं लगेच सुरू होतात, त्यामुळे धोका तेव्हापेक्षा कमी असेल हे मान्य. पण लवकर म्हणजे चांगलं, ही दिशा बदललेली नाही. आजही झटक्यानंतर 14 दिवसांच्या आत ऑपरेशन व्हावं असंच तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. आमचे त्यातले आठ दिवस आधीच गेले होते.

मग 9.4 चं काय करायचं? इथे मला माझ्या रोजच्या कामाचा उपयोग झाला. एचबीएवनसी ही सरासरी आहे. लाल पेशी साधारण चार महिने जगतात आणि त्यांच्यावर चिकटलेल्या साखरेवरून मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब लागतो. तो आकडा आठवड्याभरात खाली येणारच नाही, कितीही कारल्याचा रस प्यायला तरी. पण ऑपरेशनच्या टेबलावर मागच्या तिमाहीचा रिपोर्ट झोपत नाही, आजचा माणूस झोपतो. आणि आजची शुगर इन्शुलिनने एक-दोन दिवसांत ताब्यात आणता येते. डॅशबोर्डवरची तीन महिन्यांची सरासरी आणि आत्ताचा लाईव्ह आकडा यात आम्ही ऑफिसात कधी गल्लत करत नाही. घरी मात्र सगळ्यांनी मिळून केली.

हा फरक नुसता तर्काचा नाही. 2006 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे ऑपरेशन झालेल्या सुमारे 1200 पेशंटची माहिती तपासली होती. ऑपरेशनच्या दिवशी ज्यांची शुगर 200 च्या वर होती त्यांच्यात स्ट्रोक किंवा टीआयएचा धोका 2.8 पट, हार्ट अटॅकचा 4.3 पट आणि मृत्यूचा 3.3 पट निघाला, बाकीच्या गोष्टींचा हिशोब धरूनसुद्धा. अर्थात जास्त शुगर हे कारण की आधीच जास्त आजारी असल्याची खूण, हे अशा अभ्यासातून पक्कं ठरत नाही. पण कुठल्या आकड्याकडे बघायचं ते तरी कळतं. आणि तो अती खालीही जाऊन चालत नाही. रुग्णालयात साधारणपणे 140 ते 180 च्या पट्ट्यात ठेवायचा प्रयत्न असतो.

दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन करून हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "आणि ऑपरेशन करताना काही झालं तर?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझं वय 28, त्याचे वडील. आकडे मी वाचणार आणि काही बरंवाईट झालं तर आयुष्यभर तो झुरणार. शेवटी ठरवलं की प्रश्न लिहून काढायचे आणि डॉक्टरांपुढे बसायचं. तुमच्या घरात अशी वेळ आली तर उपयोगी पडतील म्हणून इथे देतो.

एक, तुम्ही स्वतः वर्षाला अशी किती ऑपरेशन्स करता आणि त्यातल्या किती जणांना स्ट्रोक किंवा मृत्यू येतो? विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. लक्षणं असलेल्या पेशंटमध्ये हे प्रमाण 6 टक्क्यांच्या आत असावं असा सर्वमान्य निकष आहे. चांगला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही. आमचे रागावले नाहीत.

दोन, कवटीच्या आतल्या वाहिन्या कशा आहेत? आपल्याकडे, एकूणच आशियाई लोकांत, मेंदूच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण जास्त असतं आणि डायबेटिसमध्ये त्यात भरच पडते. खरा अडथळा तिथे असेल तर मानेतला थर काढून उपयोग नाही.

तीन, हृदय आणि किडनी तपासली का? अँजिओग्राफीचं औषध किडनीतून बाहेर पडतं. किडनी कमजोर असेल तर मेटफॉर्मिनचं काय करायचं, हेही तेव्हाच विचारायचं.

चार, कुठली गोळी कधी बंद करायची? डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या आता घरोघरी पोचलेल्या शुगरच्या गोळ्या ठरलेल्या ऑपरेशनच्या किमान 3 दिवस आधी थांबवतात. नाहीतर शुगर फारशी वाढलेली न दिसताही रक्तात आम्ल वाढून पेशंट गंभीर होऊ शकतो. उलट ॲस्पिरिन सहसा चालूच ठेवतात. यातलं काहीही आपल्या मनाने करायचं नाही.

पाच, स्टेंट का नको? 2010 मध्ये क्रेस्ट नावाच्या चाचणीत सुमारे 2500 पेशंटमध्ये दोन्हींची तुलना झाली. उपचाराच्या आसपासच्या काळात स्टेंटमध्ये स्ट्रोक जास्त, 4.1 विरुद्ध 2.3 टक्के. ऑपरेशनमध्ये हार्ट अटॅक जास्त, 2.3 विरुद्ध 1.1 टक्के. वय वाढेल तसं ऑपरेशनचं पारडं जड होतं. हृदय फार कमजोर असेल तर हिशोब बदलू शकतो.

तासभर बोलणं झालं. आप्पा एका बाजूला शांत बसून ऐकत होते. आम्ही आपापसात टक्केवारीवर वाद घालत होतो तेव्हा ते म्हणाले, "मरणाची भीती नाही रे. अंथरुणात पडून राहायची आहे. तुझ्या काकूला गुडघ्यांनी वर बसवत नाही, ती मला काय उचलणार?" बैठक तिथे संपली. इतक्या चर्चेत ज्याचं ऑपरेशन त्यालाच आम्ही विचारलं नव्हतं.

ॲडमिट केल्यावर इन्शुलिनने दीड-दोन दिवसांत शुगर 160-170 वर स्थिरावली. झटक्यापासून बाराव्या दिवशी ऑपरेशन झालं. आवाज महिनाभर बसला होता, त्या भागातल्या नसा दुखावल्या की होतं तसं. बाकी आप्पा ठीक आहेत, आज चमचा उजव्याच हातात धरतात.

पण यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला स्वतःलाही बजावावं लागतं. शंभरातल्या त्या पाच-सहा जणांत आप्पा असते तर? तर आज हा लेख मी लिहिला नसता, आणि दादा माझ्याशी बोलत नसता. निर्णय मात्र तेव्हाही बरोबरच असता. निकालावरून निर्णय जोखायची सवय आपल्या घरांत फार खोल आहे, आणि त्या भीतीपोटी लोक काहीच न ठरवण्याचा निर्णय घेतात. थांबणं हाही एक निर्णयच असतो, त्यालाही टक्केवारी असते, फक्त ती कुणी संमतीपत्रावर छापून सही घेत नाही.

आता हे वाचून कुणी लगेच घरच्या सगळ्यांच्या मानेची डॉपलर करायला धावू नका. मी वर जे लिहिलं ते ज्यांना झटका येऊन गेलाय त्यांच्याबद्दल. लक्षणं नसताना सापडलेल्या अडथळ्याचं गणित एकदम वेगळं आहे. क्रेस्ट-2 या चाचणीचे निकाल 2025 मध्ये आले. 70 टक्के किंवा जास्त अडथळा पण लक्षणं काही नाहीत, अशा लोकांत चार वर्षांनी औषधांच्या गटात 5.3 टक्के आणि औषधं अधिक ऑपरेशनच्या गटात 3.7 टक्के लोकांना ज्याची भीती तो प्रसंग आला. हा फरक ठोस म्हणण्याइतका नव्हता. स्टेंटच्या जोडचाचणीत 6.0 विरुद्ध 2.8, तिथे फरक ठोस होता. म्हणजे अशा माणसाला शांतपणे विचार करायला भरपूर वेळ आहे. त्याने खुशाल "शुगर कंट्रोलमध्ये आल्यावर बघू" म्हणावं. आणि लक्षणं नसलेल्या सर्वसाधारण लोकांची सरसकट कॅरोटिड तपासणी करू नये असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा मंडळाने 2021 मध्ये पुन्हा एकदा सांगितलंय. आपल्या हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये ती असली की आपल्याला मात्र काहीतरी जास्त मिळाल्यासारखं वाटतं.

एक शेवटचा मुद्दा. आपण शुगरच्या आकड्यात इतके गुंततो की ब्लडप्रेशर विसरतो. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात 1998 मध्ये दिसलं की डायबेटिसच्या पेशंटमध्ये बीपी नीट आवळून ठेवलं तर स्ट्रोक 44 टक्क्यांनी कमी होतात. नुसती शुगर आवळून स्ट्रोकमध्ये असा फरक तिथे दिसला नव्हता. आप्पांच्या फाईलमध्ये 15 वर्षांचे शुगरचे कागद आहेत. बीपीचे आकडे मी मोजले, सात.

आणि हे फक्त आप्पांच्या पिढीचं नाही. आयसीएमआरच्या 2023 च्या सर्वेक्षणाप्रमाणे देशात 10 कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे आणि सुमारे 13.6 कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. गोव्यात तर प्रौढांमध्ये 26.4 टक्के. दिवसभर खुर्चीत बसून रात्री अकराला बिर्याणी मागवणारे आपण यात कुठे आहोत, ते ज्याने त्याने बघावं. माझी उपाशीपोटीची शुगर 108 आली. म्हणजे उंबरठ्यावर मीही आहेच.

तर या वीकएंडला एक काम करा. आईबाबांना फोन कराल तेव्हा "जेवलात का"च्या पुढे जाऊन तीन गोष्टी सांगा. तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर दहा मिनिटांत बरं वाटलं तरी 108 ला फोन करायचा. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची तारीख बघायची. आणि तोंडात साखर घालायच्या आधी बोटातून एक थेंब रक्त काढायचं. जीभ जड असेल तर पाणी घशात अडकायचीही भीती असते.

काकूंच्या कपाटातला ग्लुकोमीटर आता टीव्हीच्या शेजारी असतो. पट्ट्या मी दर तीन महिन्यांनी कुरिअर करतो.